प्रत पोचली; पाठ पोचला का?

इंग्रजीतील 'स्क्रिप्ट' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. एक अर्थ लिपी. दुसरा अर्थ संगणकाने ओळीने पार पाडावयाच्या आज्ञांची छोटी यादी. तिला मराठीत आज्ञावली म्हणता येईल. मराठी मजकूर एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर कसा गेला, याचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास पाहिला तर हे दोन अर्थ फार काळ एकमेकांशी फटकून राहिलेले दिसतात. फाइल बिनचूक वाहून नेणाऱ्या आज्ञावल्या लवकर तयार झाल्या. त्या फाइलीतील आकडे म्हणजे मराठीची कोणती अक्षरे, याविषयी लिपीचे एकमत मात्र उशिरा झाले. मधल्या काळात जे मराठी संगणकावर लिहिले गेले, ते आज बऱ्याच ठिकाणी जसेच्या तसे शिल्लक आहे आणि तरीही वाचता येत नाही. साहित्याचे अभ्यासक हा तंत्रज्ञांचा प्रश्न समजून बाजूला ठेवतात. आमच्या मते तो पाठचिकित्सेचा प्रश्न आहे, आणि म्हणून आपला आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी आम्ही एक पत्ता हाताशी घेतो: मुक्काम अल्लीपूर, तालुका हिंगणघाट, जिल्हा वर्धा. संगणकाच्या इतिहासात या गावाने काही विशेष केले, असा आमचा दावा नाही. पण या तीन नावांत मिळून देवनागरीच्या जवळपास सगळ्या अडचणी एकत्र आल्या आहेत. 'अल्लीपूर'मध्ये अर्धा 'ल' आहे, 'हिंगणघाट'मध्ये ह्रस्व वेलांटी आणि अनुस्वार, 'वर्धा'मध्ये रफार. हा पत्ता प्रवासाला निघाला तर वाटेत त्याचे काय होईल, एवढेच आपण पाहू.

१. नक्कल करणारे

१६ एप्रिल १९७१ रोजी अभय भूषण यांनी 'आरएफसी ११४' या क्रमांकाचे टिपण प्रसिद्ध केले. भूषण हे कानपूरच्या आयआयटीचे पदवीधर. त्या वेळी ते अमेरिकेत एमआयटीमध्ये होते. दूरच्या संगणकावरील फाइल कशी मागावी, आपली फाइल तिकडे कशी ठेवावी, याचे नियम त्या टिपणात होते. 'एफटीपी' या नावाने पुढे जगभर रूढ झालेल्या पद्धतीचा उगम तेथे आहे. तिच्या वापरात एक भेद महत्त्वाचा ठरला. फाइल 'मजकूर' म्हणून पाठवली, तर ओळ कोठे संपते हे दाखवणारी चिन्हे घेणाऱ्या यंत्राच्या रीतीप्रमाणे बदलली जात. 'जशी आहे तशी' म्हणून पाठवली, तर एकाही बिटाला हात लागत नसे. चित्राची फाइल चुकून मजकूर म्हणून पाठवली की ती मोडत असे. निरोप्याने निरोप समजून सांगावा की केवळ पोचवावा, हा जुना प्रश्न येथे पहिल्यांदा यंत्रापुढे आला.

१९७६च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत माइक लेस्क यांनी 'यूयूसीपी' लिहिली आणि १९७९च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर ती सर्वत्र गेली. नावाचा अर्थ 'युनिक्सकडून युनिक्सकडे नक्कल' असा. ही एक मोठी यंत्रणा नव्हती. छोट्या छोट्या आज्ञावल्यांचा संच होता. पाठवायच्या फाइली दिवसभर एका कप्प्यात साठत. ठरल्या वेळी, बहुधा रात्री दूरध्वनीचे दर उतरल्यावर, एक संगणक दुसऱ्याला फोन लावी, ओळख पटवी, साठलेले देई, तिकडचे घेई आणि फोन ठेवी. तिसऱ्या संगणकाकडे जायचे असेल तर दुसरा ते आपल्या कप्प्यात ठेवून पुढच्या फेरीची वाट पाही. पत्ता लिहितानाही वाटेतल्या सगळ्या यंत्रांची नावे क्रमाने लिहावी लागत आणि दोन नावांमध्ये उद्गारचिन्ह असे. टपालाच्या थैलीची आणि मुक्कामामुक्कामाने जाणाऱ्या हरकाऱ्याची आठवण व्हावी, अशीच ही व्यवस्था होती.

वाटेत तार खरखरली तर काय, याचीही सोय झाली. वॉर्ड क्रिस्टेन्सन यांच्या १९७७च्या 'एक्समोडेम'मध्ये फाइलीचे १२८ बाइटांचे तुकडे होत आणि प्रत्येक तुकड्यासोबत त्यातील आकड्यांची एक बेरीज जाई. घेणारा स्वतः बेरीज करून पाही. जुळली नाही तर तोच तुकडा पुन्हा मागवी. आपल्याकडे पोथीतील ग्रंथसंख्या शेवटी नोंदवीत, ओव्या मोजून ठेवीत, त्यामागे हाच विवेक होता.

येथे नावातील 'नक्कल' हा शब्द ध्यानात ठेवावा. आपण फाइल 'पाठवली' म्हणतो, पण काहीही उठून जात नाही. मूळ जागच्या जागी राहते आणि पलीकडे दुसरी प्रत तयार होते. पुस्तक पाठवणे आणि पोथीची नक्कल करून देणे यांतला दुसरा प्रकार हा आहे. म्हणूनच प्रत, नक्कल, पाठ, पाठभेद हे पाठचिकित्सेचे शब्द येथे ओढूनताणून आणावे लागत नाहीत.

२. जुहू, पवई आणि पुढे

भारतात ही नक्कल रुजली ती बऱ्याच अंशी मुंबईतून. १९८६मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने 'अर्नेट' हे शिक्षण-संशोधन संस्थांचे जाळे उभारण्यास आरंभ केला. दिल्ली, मुंबई, कानपूर, खरगपूर आणि मद्रास येथील पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र म्हणजे एनसीएसटी आणि स्वतः तो विभाग असे आठ सहभागी होते. एनसीएसटी जुहूला, आयआयटी पवईला. या जाळ्याने सुरुवातीला दिलेली सेवा एकच होती, आणि ती वर सांगितलेल्या यूयूसीपीने चालणाऱ्या टपालाची. पुढे जानेवारी १९९१मध्ये दिल्ली-मुंबई अशी पहिली भाड्याची तार जोडली गेली. तिचा वेग सेकंदाला ९,६०० बिट होता. १९९२मध्ये एनसीएसटीतून अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यापर्यंत ६४ हजार बिटांची जोडणी झाली. सर्वसामान्यांना विदेश संचार निगममार्फत इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५पासून.

हे आकडे आज हास्यास्पद वाटतील. पण साहित्याच्या हिशेबाने ते पुरेसे होते. दोनशे पानांचे पुस्तक घेऊ. पानावर सुमारे अठराशे चिन्हे धरली तर एकूण तीन लाख साठ हजार. एका चिन्हाला एक बाइट लागला, तर ९,६०० बिटांच्या तारेवरून हे पुस्तक, तार निर्वेध चालली असता, पाच मिनिटांत दिल्लीहून मुंबईला येते. १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीत अशी चार पुस्तके मावतात. म्हणजे १९९१ साली मराठी कादंबरीचा मजकूर पाठवायला वेग कमी पडत नव्हता. जागाही कमी पडत नव्हती.

अडत होते ते निराळ्याच ठिकाणी.

३. आठवा बिट

१९८०च्या दशकात कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिपींसाठी सुरू झालेले 'जिस्ट' तंत्रज्ञान, १९८८मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये आले. १९९१मध्ये भारतीय मानक संस्थेने 'आयएस १३१९४' हे मानक स्वीकारले. त्यालाच 'इस्की' म्हणतात. त्यामागची कल्पना भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला आवडावी अशी होती. अक्षर दिसते कसे हे फाइलीत लिहायचेच नाही. उच्चाराच्या क्रमाने वर्ण लिहायचे. अर्धा 'ल' असा वेगळा नाही. 'ल' आणि त्याच्यापुढे पायमोडी. दिसणे हे पडद्याचे आणि छपाईयंत्राचे काम. या रीतीने 'अल्लीपूर' म्हणजे अ, ल, पायमोडी, ल, दीर्घ वेलांटी, प, दीर्घ उकार, र असे आठ संकेत, आठ बाइट.

इस्कीने इंग्रजीचे संकेत तसेच ठेवले आणि देवनागरीला वरच्या अर्ध्या भागात, म्हणजे १२८च्या पुढच्या आकड्यांत जागा दिली. तेथपर्यंत पोचायला बाइटचा आठवा बिट लागतो. आणि त्या काळच्या टपालाच्या बऱ्याच वाटा सातच बिटांच्या होत्या. ज्यांनी त्या आखल्या त्यांच्या भाषेला सात पुरत होते. अशा वाटेने गेलेल्या प्रत्येक बाइटाचा आठवा बिट गळून पडे. तक्ता समोर ठेवून 'अल्लीपूर'चे काय होते ते पाहता येते. 'अ'च्या जागी डॉलरचे चिन्ह उमटते; दोन्ही 'ल'च्या जागी इंग्रजी मोठा 'क्यू', त्यांच्यामधल्या पायमोडीच्या जागी छोटा 'एच'; दीर्घ वेलांटीची उलटी तिरकी रेघ होते, 'प'चा मोठा 'एच', दीर्घ उकाराची काकपदासारखी खूण आणि 'र'चा मोठा 'ओ'. गावाचे नाव डॉलरने सुरू होऊन इंग्रजी 'ओ'ने संपते.

यावर तोड होती. १९८०मध्ये बर्कली येथे मेरी ॲन हॉर्टन यांनी लिहिलेली 'यूयूएन्कोड' ही छोटी आज्ञावली तीन बाइटांची चार निरुपद्रवी चिन्हे करून देई. पलीकडची जोडीदार आज्ञावली ती पुन्हा उलगडे. कोलंबिया विद्यापीठातील १९८१च्या 'कर्मिट'मध्ये आठव्या बिटाची आठवण देणारे चिन्ह अगोदर लावून सात बिटांच्या वाटेने आठ बिट नेता येत. १९९२च्या 'माइम'ने टपालासाठी हीच युक्ती नियमबद्ध केली. म्हणजे वाहतुकीचा प्रश्न फार अवघड नव्हता. वेष बदलून जायचे आणि पोचल्यावर तो उतरवायचा, एवढे केले की अल्लीपूर सुखरूप पोचत होते.

४. अक्षरांचे तुकडे

पण इतक्यात मराठी लेखन दुसऱ्या दिशेला गेले होते. १९९०च्या दशकात मराठी छपाई झपाट्याने संगणकावर आली, आणि ती आली पाश्चात्त्य पृष्ठमांडणीच्या सॉफ्टवेअरवर. त्या सॉफ्टवेअरला देवनागरीची जोडणी ठाऊक नव्हती. एकापुढे एक आकार मांडणे एवढेच त्याला येई. तेव्हा फाँट तयार करणाऱ्यांनी व्यवहारी मार्ग काढला. इंग्रजी अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवले: येथे अर्धा 'ल', तेथे काना, पलीकडे रफार. खिळे जुळवणाऱ्या कंपॉझिटरची केस होती, तशीच ही. कागदावर उमटणारे मराठी सुबक होते, आणि मुद्रकाला कागदच हवा होता. म्हणून या कारागिरांना दोष देण्यात आम्हाला अर्थ वाटत नाही.

फाइल मात्र मराठी राहिली नाही. तिच्यात साठलेली होती इंग्रजी चिन्हांची माळ. मराठीपण सगळे फाँटात. शिवाय प्रत्येक कंपनीच्या केसमधील घरे निराळी. एका छापखान्यात जे चिन्ह 'ल' होते ते दुसऱ्या छापखान्यात 'व' असू शके. फाइल फ्लॉपीवरून न्या, तारेवरून न्या, बेरीज जुळवून पाहा. ती अचूक पोचे. फाँट नसेल तर वाचणाऱ्यापुढे मात्र निरर्थक चिन्हांची रांग उभी राही. प्रत पोचली होती, पाठ पोचला नव्हता.

विदर्भातील वाचकाला या ठिकाणी महानुभाव पोथ्यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. वर्धा जिल्ह्याला लागून असलेल्या अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात लीळाचरित्र सिद्ध केले ते तेथे. पंथाने आपले ग्रंथ पुढे सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिपींत उतरवले. शतकानुशतके निष्ठावंत लेखकांनी त्यांच्या नकला केल्या. पंथाबाहेरच्या माणसाच्या हाती पोथी आली तरी तिला वाचा फुटत नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी सकळ लिपी उलगडली आणि मराठी वाङ्मयेतिहासाची सुरुवातीची प्रकरणे नव्याने लिहावी लागली. महानुभावांनी लिपी लपवली ती विचारपूर्वक. किल्ली त्यांनी पंथात जपली होती. आपण १९९०च्या दशकात लिपी लपवली ती नकळत, आणि किल्ल्या कोठे ठेवल्या याची नोंदही केली नाही. फाँट बनवणारी कंपनी बंद झाली, सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती नव्या यंत्रावर चालेनाशी झाली, की ती किल्ली गेली.

हरवण्यासारखे यात काय आहे? छापील पुस्तके तर आहेतच, असे कोणी म्हणेल. पण नियतकालिकांची छपाईपूर्व रूपे, छापले न गेलेले लेख, संपादकाने गाळलेले परिच्छेद, गावोगावच्या संमेलनांच्या स्मरणिका, विद्यापीठांत सादर झालेल्या प्रबंधांच्या मूळ फाइली हे सारे याच कप्प्यात आहे. एका पिढीच्या लेखनाचे कच्चे खर्डे, म्हणजे पाठचिकित्सकाचे खरे साहित्य, तेथे आहे.

५. किल्ली आणि तिची वाकणे

युनिकोडची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१मध्ये आली. तिच्यातील देवनागरीचा विभाग इस्कीच्या १९८८च्या रूपावर आधारलेला होता. म्हणजे उच्चारक्रमाने लिहिण्याचे तत्त्व टिकले. सप्टेंबर १९९२मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी 'यूटीएफ-८' ही लेखनरीत रचली. तीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. अल्लीपूर आठाऐवजी चोवीस बाइटांचे झाले. (आपले दोनशे पानी पुस्तक तरीही एका फ्लॉपीत मावतेच.) विंडोज २०००मध्ये देवनागरीची सोय आली, १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला, आणि त्या दशकात जालावरचे मराठी हळूहळू एका संकेतावर आले.

मागे राहिलेल्या फाइलींसाठी पुन्हा आज्ञावल्याच कामाला आल्या. फाँटमधील लेखन युनिकोडमध्ये आणणारी आज्ञावली शे-दोनशे ओळींत बसते. आधी एक कोष्टक: या फाँटातील हे चिन्ह म्हणजे हा वर्ण. काही फाँटांत अर्धे अक्षर आणि उभा दंड मिळून पूर्ण अक्षर होते. ते जोडावे लागते. 'अल्लीपूर' एवढ्यावर सुटते. 'हिंगणघाट' सुटत नाही. ह्रस्व वेलांटी डोळ्यांना आधी दिसते म्हणून फाँटाच्या फाइलीत ती 'ह'च्या आधी असते. युनिकोडमध्ये ती 'ह'नंतर हवी. 'स्थिती'मध्ये तर ती पूर्ण जोडाक्षर ओलांडून न्यावी लागते. 'वर्धा'मध्ये उलटे. रफार 'धा'च्या डोक्यावर, म्हणून फाइलीत शेवटी. उच्चारात मात्र 'र' हा 'ध'च्या आधी. तो मागे आणावा लागतो. डोळ्याचा क्रम मोडून कानाचा क्रम लावायचा, असे हे काम आहे. आज्ञावली लिहिणारा नकळत मराठीच्या अक्षराची व्याख्या करत असतो.

ही व्याख्या हिंदीसाठी केली असेल तर मराठी पाठ कसा बिघडतो, याचे उदाहरण सर्वांच्या ओळखीचे आहे. 'आचार्याला' म्हणजे गुरूला. 'आचाऱ्याला' म्हणजे स्वयंपाक्याला. 'दर्या' समुद्र, 'दऱ्या' डोंगरातल्या. अर्ध्या 'र'चे हे दुसरे रूप हिंदीत लागत नाही. कोष्टकात ते घर रिकामे राहिले, की परिवर्तित प्रतीत आचारी निमूटपणे आचार्य होतो. यंत्र कोणतीही तक्रार करत नाही, कारण दोन्ही शब्द शुद्ध आहेत. चूक सापडते ती संदर्भ वाचणाऱ्यालाच.

युनिकोडमध्ये येऊनही पाठभेद संपत नाहीत. हाच 'ऱ्या' दोन रीतींनी लिहिता येतो: 'र', पायमोडी आणि एक अदृश्य जोडचिन्ह, किंवा नुक्त्याचा 'ऱ' आणि पायमोडी. कागदावर दोन्ही सारखे. शोधताना एक सापडते, दुसरे सापडत नाही. १९९६मध्ये अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी केलेली 'आरसिंक' ही आज्ञावली दोन संगणकांवरील प्रती तुकड्यातुकड्याने ताडून पाहते आणि जेवढे बदलले तेवढेच पाठवते. तिला हे दोन 'ऱ्या' भिन्न दिसतील, माणसाला एकच. उलट आचारी कोणता आणि आचार्य कोणता, हे माणसाला कळेल आणि तिला कधीच कळणार नाही. यंत्राचा पाठभेद आणि संपादकाचा पाठभेद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

६. एकनाथांचे काम

शके १५०६मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. त्यांच्यापुढे नकलांचा तुटवडा नव्हता. नकला पुष्कळ होत्या आणि त्यांत पाठ भरकटले होते. आज आपल्याकडे नक्कल करणारे यंत्र असे आहे की ते एका बिटाचीही चूक करत नाही. त्यामुळे चुकीची प्रतही तितक्याच निष्ठेने वाढत जाते. बेरीज जुळली याचा अर्थ ही प्रत त्या प्रतीसारखी आहे, एवढाच. ती प्रत बरोबर होती की नाही, हा प्रश्न एकनाथांचा आहे, आणि तो कोणत्याही आज्ञावलीवर सोपवता येत नाही.

म्हणून मराठी विभागांत शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांपुढे आम्ही काही गोष्टी ठेवू इच्छितो. जुन्या फ्लॉपी आणि सीडी हाती लागतील तेव्हा त्यांतील फाइली प्रथम जशाच्या तशा उतरवून घ्याव्यात, त्यांची बेरीज नोंदवावी आणि त्यांना पुन्हा हात लावू नये. ती आदर्श प्रत. ती कोणत्या फाँटात होती हे लिहून ठेवावे, आणि परवाना मुभा देत असेल तर फाँटही सोबत जपावा. युनिकोडमधील प्रत निराळी करावी, आणि जिने ती केली ती आज्ञावलीही तिच्या शेजारी ठेवावी. कारण संपादनाचे निर्णय तिच्यातच नोंदलेले असतात. मग ती प्रत छापील पुस्तकाशी किंवा हस्तलिखिताशी माणसाने ताडून वाचावी. पोथीच्या अखेरीस लेखक आपले नाव, स्थळ, शक आणि कोणत्या प्रतीवरून उतरवले हे लिहीत असे. तशी चार ओळींची नोंद प्रत्येक फाइलीसोबत असावी. आणि प्रत एकाच ठिकाणी असू नये. लीळाचरित्राची मूळ प्रत धाडीत गेली आणि पुढे ती शिष्यांच्या स्मरणातून पुन्हा उभी करावी लागली, असे परंपरा सांगते. त्याच्या पाठांची गुंतागुंत आपण अजूनही सोडवत आहोत.

यासाठी लागणारे सॉफ्टवेअर हलके आहे, बहुतेक फुकट मिळते आणि जुन्या संगणकावरही चालते. खर्च आहे तो वाचणाऱ्या डोळ्यांचा. कोष्टकातील 'ऱ्या'चे घर रिकामे आहे, हे ज्याला मराठी येते त्यालाच दिसणार. आणि त्या वर्षांत ज्यांनी त्या फाइली लिहिल्या, कोणता फाँट वापरला हे ज्यांना आठवते, त्यांना विचारून घेण्याचा काळ आजचाच आहे.